सांबार कांद्याचे गोत्र



स्मृतिव्याख्यानाला कांदा हा विषय दिला तेव्हा आयोजकांनी पुन्हा फोन करून खात्री करून घेतली. विषय तोच आहे. शिवाय हा लासलगावचा, निर्यातबंदीचा, बातम्यांत झळकणारा कांदाही नाही. माटुंग्याच्या बाजारात दक्षिणी भाजीवाल्यांकडे जो लहान, तांबूस-जांभळा, सोलताना जीव काढणारा कांदा मिळतो त्याच्याबद्दल आज बोलायचे आहे. आपण त्याला सांबार कांदा म्हणतो, तमिळ लोक चिन्न वेंगायम, मल्याळी चुवन्नुळ्ळी आणि इंग्रजी पाककृतींची पुस्तके शॅलट.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवत राहिले. अमुक झाडाचा पाला तमुक दुखण्यावर चालतो का, असे कोणी विचारत आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे : ‘फांदी आणलीय का?’ फांदी, फूल, फळ समोर आल्याशिवाय ते औषधाबद्दल चकार शब्द काढत नसत. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटे. मला मात्र सांबार कांद्याच्या मागे लागल्यावर त्यातले शहाणपण कळू लागले. शॅलट या एका नावाखाली जगात निदान चार निरनिराळ्या वनस्पती पिकतात, विकल्या जातात आणि औषध म्हणून वापरल्या जातात. एकीवर प्रयोगशाळेत काही सापडले की त्याचे श्रेय दुसरीच्या खात्यावर जमा होते. म्हणून औषधाकडे जाण्याआधी तुम्हाला थोडा वेळ वनस्पतिशास्त्राच्या वर्गात बसवणार आहे.

आपण खातो तो कांदा मूळ नाही आणि खोडही नाही. कांद्याचे खरे खोड म्हणजे तळाशी, मुळांच्या लगेच वर असलेली चपटी चकती. चिरताना आपण ती कापून फेकतो. तिच्यावर एकात एक बसलेले रसाळ पापुद्रे ही पानांची बुडे आहेत, अन्न साठवून फुगलेली. चकतीच्या मधोमध वाढीचा शेंडा असतो आणि पापुद्र्यांच्या बगलेत कळ्या असतात. मोठ्या कांद्यात मधला शेंडा सगळा कारभार स्वतःकडे ठेवतो आणि बगलेतल्या कळ्या दबून राहतात. सांबार कांद्यात या कळ्या लवकर जाग्या होतात. प्रत्येक कळी आपली पाने काढते, आपली चकती आणि आपली मुळे धरते. परिणामी लावलेल्या एका कांद्याच्या जागी पाच-सहा, कधी दहा-बारा कांद्यांचा घोस निघतो. सुरुवातीला सगळे बाहेरच्या एकाच सालीत नांदत असतात. साल फाटली की वेगळे होतात, पण ज्या बाजूंनी एकमेकांना चिकटून होते त्या बाजू चपट्याच राहतात. बाजारात ओळखायची खूण हीच. कांदा सगळीकडून वाटोळा असेल तर तो बहुधा सांबार कांदा नसून आपल्याकडची गोल्टी असते. गोल्टी म्हणजे मोठ्याच कांद्यातला, आकाराने मागे राहिलेला माल. ती सांबार कांद्याच्या भावात खपवणारे हुशार लोक मुंबईत आहेत.

नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला या घोसाचे कौतुक सांगा, तो हसेल. त्याच्या लेखी फुटलेला कांदा म्हणजे जोड. बाजार समितीत नेण्याआधी जोड आणि डेंगळे, म्हणजे फुलाचा दांडा आलेले कांदे, निवडून बाजूला काढले जातात, नाहीतर अख्ख्या ट्रॉलीचा भाव पडतो. बी धरायचे ते एका डोळ्याच्या कांद्यांचे, हा नियम तो पाळतो, कारण फुटण्याची खोड पुढच्या पिढीत उतरते. तमिळनाडूतल्या पेरंबलूर किंवा दिंडिगुलच्या शेतकऱ्याने नेमकी हीच खोड जोपासली. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोघांच्या शेतात एकच जात आहे : अ‍ॅलियम सेपा. दोघांचीही गुणसूत्रे 16. दोघांचा संकर करता येतो आणि त्याला बीही धरते. सांबार कांद्याला आज स्वतंत्र जात न मानता अ‍ॅलियम सेपाचा ‘अ‍ॅग्रिगेटम’ गट म्हणतात. कांद्याचे कुळही अलीकडे बदलले आहे. माझ्या पिढीने कांदा लिलीच्या कुळात घोकला होता. आता तो अ‍ॅमरिलिडेसी कुळात, म्हणजे लिलीपेक्षा नर्गिसला जवळचा.

कांद्याला कांदा लावायचा, ही या पिकाची रीत. तमिळनाडूत हेक्टरी एक ते दीड टन कांदा नुसता लावणीलाच लागतो. बियाण्याचे काही किलो आणि हे दीड टन, खर्चातला फरक तुमच्या लक्षात येईल. त्याच्या बदल्यात शेतकऱ्याला वेळ मिळतो. साधारण 70 दिवसांत पीक हातात येते. रोप तयार करा, मग त्याची पुनर्लागण करा, ही यातायात नाही. दुसरी गोष्ट, असा लावलेला प्रत्येक कांदा हुबेहूब आईसारखा, कारण मध्ये फूल नाही, परागीभवन नाही. आईची चव येते तसे आईचे दुखणेही येते. कांद्याचा पिवळा खुजा रोग ज्या विषाणूमुळे होतो तो लावणीच्या कांद्याबरोबर वर्षानुवर्षे चालत येतो आणि उत्पन्न हळूहळू खाली आणतो. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने बियाण्यावर येणारा ‘को-5’ हा वाण काढला तो हाच पेच सोडवायला. आपल्याकडे राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयातही अशा बहुकंदी कांद्यांचा संग्रह आहे. पुण्याहून नाशिकला जाताना आपण त्याच्या दारावरून जातो.

आता नावाच्या गोंधळाकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे, कारण इतकी नाट्यमय चूक वनस्पतिशास्त्रात थोडी आहे.

ग्रीक पंडित थिओफ्रास्टस, अ‍ॅरिस्टॉटलचा शिष्य, याने इसवी सनापूर्वीच्या चौथ्या-तिसऱ्या शतकात कांद्यांच्या जातींचे वर्णन लिहून ठेवले. त्यात एक फुटणारा कांदा आहे आणि एक अस्कलॉन गावचा. अस्कलॉन हे भूमध्य समुद्रावरचे जुने बंदर, आजच्या इस्राएलमधले अश्कलोन. थिओफ्रास्टस स्पष्ट लिहितो की सगळ्या कांद्यांत हा अस्कलॉनचाच कांदा असा, की तो फुटत नाही, बुडाशी पिल्ले धरत नाही, म्हणून तो कांद्यापासून न लावता बियांपासून करावा लागतो. पुढे कधीतरी युरोपात हेच नाव अपभ्रंश होत होत नेमके फुटणाऱ्या कांद्याला चिकटले. शॅलट या शब्दात अस्कलॉन आहे आणि मूळ अस्कलॉनी कांदा शॅलट नव्हता.

इथवर बाजारातली चूक होती. ती शास्त्रात कशी शिरली ते पाहा. स्वीडनच्या लिनीअसचा फ्रेडरिक हासेलक्विस्ट नावाचा विद्यार्थी होता. प्रकृती तोळामासा, खिसा रिकामा, तरी हा तरुण पॅलेस्टाइनच्या वनस्पती गोळा करायला निघाला. नमुने भरपूर जमवले, पण परतताना 1752 मध्ये स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमीरजवळ, वयाच्या तिशीत वारला. मागे कर्ज ठेवून गेला होता. सावकारांनी त्याचे सगळे नमुने आणि टिपणे अडकवून ठेवली. शेवटी स्वीडनची राणी लोविसा उल्रिका हिने कर्ज फेडले आणि पेट्या स्वीडनला आल्या. लिनीअसने शिष्याचे प्रवासवर्णन 1757 मध्ये छापले आणि 1759 मध्ये त्याच्या संग्रहातल्या एका वाळलेल्या कांद्याच्या रोपाला नाव दिले अ‍ॅलियम अस्कलॉनिकम. जगभरच्या पुस्तकांत शॅलटचे शास्त्रीय नाव म्हणून ते रूढ झाले. जवळजवळ 200 वर्षांनी विल्यम स्टर्न या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने तो मूळ नमुना बारकाईने तपासला, तर ते शॅलटचे रोपच नाही! पॅलेस्टाइनच्या रानात उगवणारी ती एक वेगळीच जात होती. राणीने पैसे मोजून सोडवलेल्या त्या रोपाने दोन शतके दुसऱ्याच्या नावावर काढली.

तुम्ही म्हणाल, नाव चुकले तर चुकले, सांबारला काय फरक पडतो? सांबारला नाही, पण औषधाला पडतो. आयुर्वेदाची आणि घरगुती औषधांची मराठी पुस्तके उघडा. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’पासून आजच्या रंगीत पुस्तिकांपर्यंत ही परंपरा मोठी आहे. तिच्या ताज्या टोकाला कोणीतरी परदेशी संशोधनाचा हवाला देतो आणि त्यात लॅटिन नाव असते अ‍ॅलियम अस्कलॉनिकम. ती वनस्पती नेमकी कोणती, हे मूळ लेखकाने नमुना जपून ठेवला असेल तरच सांगता येते.

उरलेल्या तीन शॅलटांची ओळख झटकन करून देतो.

फ्रान्समध्ये एक राखाडी शॅलट असते. साल जाड, चव तिखट, आणि तिथले जाणकार खरे शॅलट हेच असे छातीठोकपणे सांगतात. 1990च्या दशकात जनुकीय तपासणी झाली तेव्हा हा कांदा अ‍ॅलियम सेपाचा नाहीच असे निघाले. त्याचे नाते मध्य आशियातल्या अ‍ॅलियम ओशानिनी या रानकांद्याशी जुळले. पण फ्रान्समधले बहुतेक शॅलट साध्या कांद्याच्याच जातीचे, म्हणजे आपल्या सांबार कांद्याचे भाऊबंद. फ्रान्समध्ये तर हा वाद कोर्टात गेला. फ्रेंचांनी 1990 मध्ये नियम केला की कांद्यापासून लावलेले तेच शॅलट. बियांपासून वाढवलेल्याला ते नाव लावून विकता येणार नाही. डच बियाणे कंपन्यांनी बियांचे शॅलट काढले होते, त्या भांडायला उभ्या राहिल्या. 10 जानेवारी 2006 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की विक्रीला सरसकट बंदी घालता येणार नाही. गिऱ्हाइकाला फरक कळावा एवढेच हवे असेल तर तो लेबलवर लिहा. मला हा निकाल व्यवहारी वाटतो, पण फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या शॅलट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे दुःखही समजते. हापूसच्या नावाने काय काय विकले जाते हे आपण दर वर्षी पाहतोच.

तिसरे काश्मीरचे प्राण. वाझवान या तिथल्या मेजवानीतल्या रश्श्यांना जो गोडसर खमंगपणा असतो त्यात तळून वाटलेल्या प्राणचा मोठा हात असतो. काश्मिरी माणूस त्याला इंग्रजीत शॅलटच म्हणतो. पण या कांद्याची गुणसूत्रे 16 नाहीत, 24 आहेत. तीन संच असल्यामुळे त्याला बी धरत नाही; दांड्याच्या टोकाला फुलांच्या गर्दीतच छोटे छोटे कांदे येतात आणि वंश चालतो. गंमत अशी की एड्रियाटिक समुद्राच्या काठी, क्रोएशियाच्या डाल्मेशिया भागात ‘ल्युतिका’ नावाचा जो कांदा लावतात तो हाच. बी न धरणारा कांदा स्वतःहून इतका प्रवास करीत नाही, कोणाच्या तरी पडशीतून गेला असणार.

चौथे इराणचे मूसीर. झाग्रोस पर्वतात बर्फ वितळले की डोंगरउतारावर उगवते. पांढरा, मोठ्या लसणीसारखा एकच गड्डा. काप करून वाळवायचे, वापरताना पाण्यात भिजवायचे आणि दह्यात कालवायचे. मुंबईतल्या इराणी घरांत ‘मास्त-ओ-मूसीर’ ठाऊक आहे. हे रानातून खणून आणतात, फारशी लागवड नाही, त्यामुळे काही डोंगर रिकामे होत चालले आहेत. याचे शास्त्रीय नाव अ‍ॅलियम स्टिपिटाटम, आणि व्यापारात नाव ‘पर्शियन शॅलट’. हे नाव ध्यानात ठेवा, औषधाच्या चर्चेत पुन्हा लागणार आहे.

कांदावर्गाचे माहेर मध्य आशिया ते इराण या पट्ट्यात आहे. साध्या कांद्याचे सर्वात जवळचे रानटी नातलग तुर्कमेनिस्तान आणि इराणच्या सीमेवरच्या कोपेत दाग डोंगरात आजही उगवतात. आणि आपल्या वैद्यकाच्या ग्रंथांना ही दिशा माहीत होती असे मला वाटते. वाग्भटाने ‘अष्टांगसंग्रहा’त लसणीच्या मागोमाग पलांडूचे, म्हणजे कांद्याचे, गुण गायले आहेत. वातावर लसणीनंतरचे श्रेष्ठ औषध पलांडू, असे सांगून तो थांबत नाही. शक स्त्रियांच्या गालांची कांती या कांद्यामुळे आहे आणि तिच्यापुढे हरलेला चंद्र लाजून पाताळात जातो, अशी कवितेची झेप घेतो. वैद्यकाच्या पुस्तकात कांद्यासाठी इतके काव्य मी दुसरीकडे वाचलेले नाही. शक हे मध्य आशियातून आलेले लोक. सोळाव्या शतकातला ‘भावप्रकाश’ कांद्याच्या पर्यायी नावांत ‘यवनेष्ट’ आणि ‘दुर्गंध’ शेजारी शेजारी ठेवतो. परक्यांचे आवडते आणि वासाने नकोसे, असा दुहेरी निकाल.

धर्मशास्त्राने तर कांद्याला बाहेरच ठेवले. मनुस्मृतीत द्विजांना लसूण आणि पलांडू वर्ज्य. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगने नोंदवले आहे की कांदा-लसूण खाणाऱ्याला गावाबाहेर राहावे लागे. तरीही चरक कांद्याला आहाराच्या यादीत घेतो. कफ वाढवणारा, वात घालवणारा, पित्त न शमवणारा, पचायला जड, पण बल देणारा आणि तोंडाला रुची आणणारा, असे त्याचे वर्णन. रक्ती मूळव्याधीच्या चिकित्सेतही तो पलांडू सांगतो. धर्म एक म्हणतो आणि वैद्य दुसरे, याचा त्या काळी कोणाला फार त्रास झालेला दिसत नाही. आपणही तीच वाट काढली. चातुर्मासात कांदा सोडायचा, म्हणून त्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी करून भज्यांवर ताव मारायचा.

माझ्या दृष्टीने सर्वात मोलाची नोंद सुश्रुताची आहे. तो पलांडू आणि क्षीरपलांडू असे दोन वेगळे धरतो आणि दोघांचे गुणही वेगळे देतो. क्षीरपलांडू गोड, स्निग्ध, बुळबुळीत, जड, आणि रक्तपित्तात हितकर. म्हणजे नाकातोंडातून रक्त जाणाऱ्या रोग्याला कोणता कांदा द्यायचा, यावर सुश्रुत काटेकोर आहे. क्षीरपलांडू म्हणजे आजचा नेमका कोणता कांदा यावर टीकाकारांची मते पडली आहेत. अलिबागचा पांढरा कांदा हाच तो, असे हल्ली जाहिरातींत वाचायला मिळते. अलिबागच्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याची गोडी खरी आहे, त्याच्या माळा पाहून गाडी थांबतेच. पण त्याच्यावर सुश्रुताचा शिक्का मारायला पुरावा नाही.

सांबार कांदा जिथे रोजचा आहे तिथल्या रीती आता पाहू. केरळात बाळंतिणीला उळ्ळी लेह्यम देतात. छोटे कांदे शिजवून गूळ, नारळाचे दूध, तूप, जिरे घालून आटवलेला तो अवलेह. आपल्या डिंकाच्या लाडवांचे आणि अळिवाच्या खिरीचे जे स्थान, तेच त्याचे. तमिळनाडूत उन्हाळ्यात रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी ताक घालून खातात आणि बरोबर कच्चा छोटा कांदा. अंगातली उष्णता कमी होते अशी श्रद्धा. जावा बेटावर ताप आलेल्या मुलाच्या टाळूला आणि पाठीला किसलेला बावांग मेराह खोबरेल तेलात कालवून चोळतात. तिथले ब्रेबेस हे गाव या कांद्याचे मोठे केंद्र, आपल्या लासलगावसारखे. थायलंडमध्ये मुलाचे नाक चोंदले की लाल छोटे कांदे ठेचून फडक्यात बांधून उशाशी ठेवतात.

आपल्याकडे हे सगळे मोठ्या कांद्यावर चालते. उन्हात निघताना खिशात कांदा, ऊन लागले तर तळपायाला कांद्याचा रस, केसतूड पिकावे म्हणून भाजलेल्या कांद्याचे हळद घालून पोटीस, फिट आलेल्याच्या नाकाशी फोडलेला कांदा.

यातले खरे किती? यासाठी कांदा फोडल्यावर आत काय घडते ते पाहावे लागेल. कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त पदार्थ एका कप्प्यात आणि अ‍ॅलिनेज हे वितंचक दुसऱ्या कप्प्यात असते. अख्ख्या कांद्याला वास नसतो. सुरी लागली, कप्पे फुटले, दोघांची गाठ पडली की क्षणात तिखट पदार्थ तयार होतात. त्यातला एक उडून डोळ्यात जातो आणि पाणी आणतो. तो आपोआप तयार होत नसून त्यासाठी वेगळे वितंचक लागते, हे 2002 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले. लसणीत त्याच सुरुवातीतून निराळी वाट निघते आणि अ‍ॅलिसिन बनते, म्हणून लसूण सोलताना कोणी रडत नाही.

या रसायनाचा हिशेब घरगुती उपायांना लावून पाहा. थायलंडच्या मुलाच्या उशाशी ठेचलेला कांदा ठेवला तर डोळ्यानाकाला पाणी सुटेल, नाक मोकळे झाल्यासारखे वाटेल. सर्दीचा विषाणू त्याने मरत नाही, पण मूल झोपले तर आईला तेवढे पुरे असते. तमिळ भात-ताक-कांद्यात पाणी आहे, मीठ आहे, थंडावा आहे. उन्हात राबणाऱ्याला तो उत्तम आहार. खिशातला कांदा मात्र खिशातच राहतो. उष्माघात झालेल्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी मारायचे आणि दवाखाना गाठायचा, यात कांदा शोधायला जाणारी मिनिटे महाग पडतात. फिटची गोष्ट वेगळ्या कारणाने सांगण्यासारखी आहे. बहुतेक फिट एक-दोन मिनिटांत आपल्या आपण थांबतात. कांदा आणून फोडेपर्यंत तेवढा वेळ जातोच, आणि यश कांद्याच्या पदरात पडते. उळ्ळी लेह्यममध्ये कांदा शिजवलेला आहे. शिजवताना वितंचक मरते, तिखटपणा जातो, उरते ती साखर, फ्रुक्टन आणि क्वेर्सेटिनसारखी रंगद्रव्ये. कच्च्या रसावर झालेला प्रयोग या अवलेहाला लावता येत नाही. कांदा जड, असे चरक म्हणतो ते पोटात वायू धरणाऱ्यांना पटेल. फ्रुक्टन लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात आंबते.

आता केसांचा प्रश्न. तो आला नाही तर व्याख्यान अपुरे राहील असे मला बजावण्यात आले आहे. बगदादच्या डॉक्टरांनी 2002 मध्ये एक छोटा प्रयोग छापला. चाई पडलेल्या रुग्णांच्या टाळूला दिवसातून दोनदा कच्च्या कांद्याचा रस लावला. सहा आठवड्यांनी 23 पैकी 20 जणांना त्या जागी केस आले. नळाचे पाणी लावलेल्या 15 जणांत फक्त दोघांना. आकडे लक्षवेधी आहेत. पण डोक्याला लावले ते पाणी की कांदा, हे रुग्णापासून लपवणार कसे? शिवाय चाई बऱ्याचदा आपोआपही भरते. आणि चाई म्हणजे टक्कल नाही. तेलाच्या बाटल्यांवर मात्र चाई केव्हाच गळून पडली आहे आणि ‘केसगळतीवर शास्त्रसिद्ध’ एवढेच उरले आहे. बगदादचा कांदा साधा होता, बाटलीवर चित्र सांबार कांद्याचे असते.

याहून मजेदार घोटाळा मूसीरचा. या पर्शियन शॅलटमध्ये गंधकाची काही अनोखी संयुगे सापडल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. क्षयाच्या जंतूच्या वर्गातल्या जीवाणूंवर ती प्रयोगशाळेत प्रभावी ठरली. 2011 मध्ये त्यातच पायरिथिओन सापडले. हे नाव तुम्ही वाचलेले आहे. कोंड्यावरच्या शाम्पूच्या बाटलीवर झिंक पायरिथिओन असते. माणसाने कारखान्यात बनवलेले रसायन झाग्रोसच्या डोंगरातला एक गड्डा स्वतःच बनवत होता. शोध खरोखर सुंदर आहे. पण तो मूसीरचा. ‘शॅलटमध्ये क्षयरोधक द्रव्य’ अशी ओळ कुठे दिसली आणि शेजारी पेरंबलूरच्या कांद्याचे छायाचित्र दिसले, तर त्या दोन वनस्पतींच्या जातीच वेगळ्या आहेत हे आता तुम्हाला माहीत आहे. आणि काचेच्या बशीत जंतू मरणे आणि माणसाच्या फुप्फुसात मरणे यांत फार मोठे अंतर असते. क्षयाच्या गोळ्या सोडून कोणी कांद्यामागे लागला तर ते अंतर तो जिवाने मोजेल.

शेवटचा मुद्दा आपल्या सह्याद्रीतला आहे. कांदा म्हणून जे जे आहे ते कांदावर्गातले असतेच असे नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर कोळकांदा उगवतो, काही ठिकाणी त्याला रानकांदाच म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. पाने येण्याआधी, ऐन उन्हाळ्यात त्याचा उंच दांडा फुलतो. खणून काढलेला गड्डा पाहिला तर पापुद्रे, साल, चकती, सगळे थेट कांद्यासारखे. पण त्यात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी ग्लायकोसाइड्स असतात. वैद्य आणि जुने डॉक्टरही त्याचा वापर खोकल्यावर आणि लघवी सुटण्यासाठी करीत. त्याच्या भूमध्य समुद्रावरच्या तांबड्या भाऊबंदाचे उंदीर मारण्याचे औषध होई. मात्रेचा फरक तेवढाच. हल्ली रानभाज्यांच्या हौसेने शहरातली मंडळी पावसाळ्यात कुदळ घेऊन निघतात. त्यांनी एवढे करावे : गड्डा फोडून हुंगावा. अ‍ॅलियमचे कोणतेही रोप असो, सांबार कांदा, प्राण, मूसीर की लसूण, फोडले की गंधकाचा तो ओळखीचा दर्प आलाच पाहिजे. कोळकांद्याला तो नाही, त्याचा चीक अंगाला लागला तर खाज मात्र सुटते. वास नसेल तर तो गड्डा तोंडात घालू नये, खड्ड्यात परत लावून टाकावा, आणि पुढच्या उन्हाळ्यात फूल आले की फांदीसह कोणा जाणकाराला दाखवावा.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. प्रश्न घ्यायला मी आहेच. येताना माटुंग्याहून अर्धा किलो सांबार कांदा, काश्मिरी मित्राने पाठवलेले थोडे प्राण आणि घाटातला एक कोळकांदा आणून टेबलावर ठेवला आहे. पहिले दोन फोडून हुंगा. तिसरा हातमोजे घालूनच उचला.